डोळ्याला ठेच

नवी पाटी टांगून झाली की निवृत्तीअण्णा तिच्याकडे बघायचेच नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, रंगाचा रिकामा डबा पालथा घालायचे, त्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राहायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा लोकांच्या चपलांवर डोळा आहे. शेवटी न राहवून विचारलं. तर म्हणाले, "ताई, डोळ्यांचा काय भरवसा नाय. माणूस बघतो एकीकडं, डोकं दुसरीकडं. पाय खोटं बोलत नाय. पाटीपाशी पाय अडला, की समजायचं अक्षर पास झालं."

माझं फ्लेक्सचं दुकान नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गाळा मिळाला तो नेमका अण्णांच्या पाट्यांच्या दुकानाला चिकटून. मशीन उतरवायच्या दिवशी ते बाहेर येऊन उभे राहिले. फ्लेक्स आला की पेंटर बसला, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, त्यामुळे मी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती. माझी जीभ तशी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. अण्णा म्हणाले, "यंत्र जड दिसतंय. हमालांना सांगा, कमरेतून नका उचलू, गुडघ्यातून उचला." मी जरा ओशाळून म्हटलं, अण्णा, माझ्यामुळे तुमचं काम कमी होईल. "होऊ द्या की," ते म्हणाले. "किराणा, किराणा लिहून माझं मनगट किराणा झालंय." आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

मूळचे ते नांदगावकडचे. अंगात कायम बाह्यांचं बनियन आणि त्यावर रंगांचे इतके शिंतोडे, की मूळ रंग त्यांनाही आठवत नसावा. बोलणं तुसडं. गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचे नाहीत, 'काय पाहिजे' म्हणायचे. माझ्या दुकानात मात्र रोज दुपारी येऊन बसायचे आणि माझ्या डिझाइनांची यथेच्छ टिंगल करायचे. "ताई, हा माणूस पुढारी हाय का नवरदेव? एवढी फुलं कशाला उधळली त्याच्यावर?" मी म्हणायचे, अण्णा, त्यानेच सांगितलंय. "मग अजून टाका," म्हणायचे, "गुदमरू द्या."

त्यांच्या हातात दोन अक्षरं होती. एक गोल. दुकानं, दवाखाने, लग्नाचे मांडव, शाळेच्या भिंती सगळं त्या अक्षरात. देखणं, वळणदार, अगदी पाटीवर ओठ टेकावेत असं. आणि दुसरं अक्षर फक्त धोक्यासाठी. उघडी विहीर, पाटाचं पाणी, विजेचा डबा, दरड, खदाण. पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात, जाड, टोकदार, एकही वळण नसलेलं. त्या अक्षराला ते 'ठेच' म्हणत. "गोल अक्षर माणसाला बसा म्हणतं, चहा घ्या म्हणतं. ठेच नाय बसवत. डोळ्याला ठेच लागली पाहिजे. ठेच लागल्यावर माणूस काय करतो? आधी थांबतो, मग खाली बघतो. तेवढंच पाहिजे मला."

आमच्या वस्तीमागच्या माळावर एक जुनी खदाण आहे. दगड काढणं कधीच बंद झालं, राहिला तो खड्डा. पावसाळ्यात काठोकाठ भरतो, पाणी दिसतं हिरवंगार आणि शांत. तिथली पाटी अण्णांची. वर मोठ्ठं 'थांबा', खाली 'पाणी खोल'. बस्स. दर वर्षी पावसाच्या आधी ते स्वतः जाऊन ती रंगवायचे, कुणी सांगितलेलं नसताना. एकदा मीही सोबत गेले. शिरोरेघ तुळईसारखी जाड, काने खालून तिरपे छाटलेले, अक्षरं एकमेकांना खेटून उभी, मधे बोट घालायला जागा नाही. अनुस्वारसुद्धा गोल ठिपका नव्हता, शंकरपाळी होती. "थ लय आडमुठा," अण्णा म्हणाले. "सगळा वळणाचाच. एक अख्खा पावसाळा त्यानं माझं डोकं खाल्लं. मग त्याची गाठ काढून तिरपा चौकोन घातला, पोट सरळ कापलं. तवा कुठं वठणीवर आला." आणि त्या थ कडे असं बघितलं, जशी द्वाड पोराकडे आई बघते.

हे अक्षर त्यांनी दुसऱ्या कशालाही दिलं नाही. एका मिसळवाल्याने फार गळ घातली होती. त्याला 'झणझणीत' हा शब्द ठेचमध्ये हवा होता. अण्णांनी विचारलं, "तुझ्या मिसळीनं माणूस मरतो का?" तो म्हणाला, छे छे, काय बोलता. "मग गोल घे." कुत्र्यापासून सावध राहायची पाटी मागायला आलेल्या बंगलेवाल्याला म्हणाले, "कुत्रं चावलं तर इंजेक्शन मिळतं. ठेच नाय मिळणार." तो माणूस माझ्याकडे येऊन तक्रार करून गेला, की तुमच्या शेजाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हटलं, अहो, ठिकाणावर आहे म्हणूनच तर हा त्रास.

एवढा हट्ट का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या दिवशी बाजार बंद होता, दोघांनाही काम नव्हतं. नांदगावकडे असताना अण्णांनी गावच्या खदाणीसाठी पाटी लिहिली होती. 'येथे पाणी खोल आहे, कृपया पोहू नये.' गोल अक्षरात, कडेला वेलबुट्टी काढून. लोक मुद्दाम बघायला यायचे म्हणे. त्यांचा धाकटा भाऊ बाळू मित्रांबरोबर त्याच खदाणीत पोहायला गेला आणि वर आला नाही. "मी पळत गेलो," अण्णा सांगत होते, "तर त्याचा शर्ट पाटीला अडकवलेला. माझ्या पाटीला, ताई. मी लिहिलेलं त्यानं वाचलं नसंल? वाचलं असंल. पण लय देखणी होती ना. देखण्या पाटीला कोण भितो? खुंटी केली तिची." मी त्यांच्या कपातला थंड झालेला चहा ओतून दिला आणि नवा टाकला.

केतकी आली ती यानंतर. चित्रकलेच्या कॉलेजात शिकणारी, पाठीवर भली मोठी बॅग, केस आखूड, बोलणं भरभर. खदाणीवरची पाटी बघून ती लिहिणाऱ्याला शोधत आली होती. आधी अण्णांनी तिला हिडीसफिडीस केलं. पण ती चिवट. रोज यायची, पत्र्यांचे फोटो काढायची, कागद लावून अक्षरं गिरवायची, हे टोक असंच का म्हणून हुज्जत घालायची. हळूहळू अण्णा तिची वाट बघायला लागले. ज्ञ आणि ङ त्यांनी कधी लिहिलेच नव्हते, ते तिच्यासाठी बसून नव्याने काढले. "ङ ची काय पाटी असती गं?" असं करवादत काढले, पण काढले.

सगळी अक्षरं झाल्यावर माझ्याच दुकानात तिने फॉन्ट लावून दाखवला. कळफलकावर बोटं फिरली आणि पडद्यावर उमटलं: थांबा. अण्णा खुर्चीतून उठलेच. पडद्याला हात लावून बघितला. मी म्हटलं, अण्णा, बोटाचे डाग. तर म्हणाले, "गप बसा हो ताई." डोळे भरले होते त्यांचे. केतकी म्हणाली, काका, हा फॉन्ट मी सगळ्यांना फुकट देणार आहे. कुठल्याही गावात विहिरीवर, पाटावर, घाटात पाटी लावायची तर त्यांना तुमचं अक्षर मिळेल. तुमची परवानगी आहे ना? "घे की पोरी," अण्णा म्हणाले. "अक्षर काय माझ्या बापाचं हाय? फक्त धोक्याला वापरा म्हणावं, दुसऱ्या कशाला नाय." तिने तसं फॉन्टसोबत लिहूनही टाकलं: फक्त धोक्याच्या सूचनांसाठी. तिला खरंच वाटलं, लोक ते वाचतील. अण्णांनाही वाटलं. आणि खरं सांगायचं तर, ज्या अण्णांचं अख्खं आयुष्य लोक पाट्या वाचत नाहीत या दुःखावर उभं होतं, त्यांनीच ही एक ओळ लोक वाचतील असा भरवसा ठेवला. काय म्हणावं आता याला!

पहिला आला तो साड्यांचा सेल. मग क्लासवाले: 'शंभर टक्के निकाल'. मग पुढाऱ्यांचे वाढदिवस, मग पावभाजी, जिम, मोटारसायकलींच्या नंबरप्लेटा. तो मिसळवालाही आलाच, अखेर त्याचं 'झणझणीत' त्याला मिळालं. ज्याला त्याला तेच अक्षर हवं. लांबून दिसतं, दणकट वाटतं, भाऊंना शोभतं. माझ्याकडे गिऱ्हाईक यायचं, "ताई, ते दगडी अक्षर टाका." मी माझ्या मशीनवरून तो फॉन्ट काढून टाकला होता. नाही म्हटलं की माणूस समोरच्या दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडे जायचा, आणि संध्याकाळी तोच फ्लेक्स चौकात लागलेला दिसायचा. माझ्या नाही म्हणण्याने कुणाचं काही अडलं नाही.

एक दिवस अण्णा माझा हात धरून मला कोपऱ्यावरच्या गाडीपाशी घेऊन गेले. 'थंडगार ताक'. अण्णांचं बोट त्या थ वर. "हा माझा थ हाय, ताई. थांबाचा थ. ताकाला लावला." ताकवाला हसत होता. त्याने अण्णांना ओळखलं, ग्लास भरून पुढे केला, पैसे घेईना. वर कौतुकाने म्हणतो, "अण्णा, तुमचंच तर नाव होतंय सगळीकडं." तिथेच सगळी गोची होती. कुणी वाईट वागत नव्हतं. अण्णा दुकानादुकानांत जाऊन हात जोडायचे, बाबांनो, हे अक्षर काढा, हे धोक्याचं हाय. लोक त्यांना खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे, खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे. अक्षर कुणी काढायचं नाही.

केतकीने तो फॉन्ट नेटवरून काढून टाकला. तोवर त्याच्या नकलांच्या नकला झाल्या होत्या, कुणी त्याला सावली जोडली, कुणी सोनेरी कड. ती माझ्या दुकानात बसून हमसून हमसून रडली. अण्णाच म्हणाले, "रडू नको गं. तू चांगल्यासाठीच केलं." आणि बाहेर जाऊन चौकात डबा पालथा घालून बसले, जुन्या सवयीने. बऱ्याच वेळाने मी त्यांना बोलवायला गेले. मान वर न करता म्हणाले, "एकाचाबी पाय अडत नाय, ताई. चपला नुसत्या फटाफटा चालल्यात."

मग त्यांचं लक्ष फक्त खदाणीकडे लागलं. तिथे तारेचं कुंपण घालावं म्हणून मी त्यांच्यासाठी अर्ज टाईप करून दिले, खेटे घातले. कुंपण झालंही एकदाचं. पावसाळ्याआधीच तार कुणीतरी कापून भंगारात विकली. पाटी तेवढी राहिली. अण्णांनी ती आणखी मोठी केली, अक्षरं आणखी जाड केली. पण चौकात तसलीच अक्षरं त्याहून मोठी लागलेली होती, दिव्यांच्या झोतात.

प्रतीक आमच्या मागच्या गल्लीतला. गुणी पोरगा, गोड बोलायचा, मंडळात सगळ्यांच्या पुढे. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला मित्र आधी माझ्याकडेच आले होते. ठेच नाही म्हटल्यावर समोर गेले. चौकात फ्लेक्स लागला: गॉगल घातलेला प्रतीक, मागे उसळते घोडे, आणि ठेच अक्षरात 'भाऊचा वाढदिवस'. फ्लेक्स अजून उतरायचा होता. श्रावणातल्या एका रविवारी ती सगळी पोरं खदाणीवर पोहायला गेली, आणि प्रतीक वर आला नाही.

अण्णा आणि मी पोचलो तेव्हा गळ टाकणं चाललं होतं. पोरं ओल्या अंगाने थरथरत उभी. पाटीच्या वरच्या कडेला शर्ट अडकवलेले, एकावर एक. अण्णांनी ते बघितले आणि त्यांचे पाय होते तिथेच अडले. मी एका पोराला विचारलं, अरे, एवढी मोठी पाटी दिसली नाही तुम्हाला? तो रडत रडत म्हणाला, "दिसली ना ताई. पण तसल्या अक्षराचे बोर्ड सगळीकडंच असतात. वाटलं, कुणाची तरी जाहिरात असंल." तो खोटं बोलत नव्हता. वाचायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकातला फ्लेक्स बदलला. घोडे गेले. गॉगलवाला फोटो तोच, भोवती हार, आणि वर त्याच ठेच अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मित्रांनी जीव ओतून केला होता, खाली सगळ्यांची नावं होती, आणि ते बिचारे फ्लेक्सखाली ओळीने उभे होते. अण्णा समोर गेले. मला भीती वाटली, आता हे ओरडतील, फाडतील. त्यांनी त्या पोरांकडे बघितलं, प्रतीकच्या वडिलांकडे बघितलं, चपला काढल्या आणि हात जोडले. आणखी काय करणार होते? परत येताना एवढंच म्हणाले, "गोलानं बाळू गेला. टोकानं हा गेला. आता कोणतं अक्षर काढू, ताई?"

त्यानंतर त्यांनी कुंचला हातात घेतला नाही. पुढच्या रविवारी मात्र प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन माळावर निघालेले दिसले. पाटीशेजारी खुर्ची टाकली आणि बसले. कुणी आलं की ओरडायचं. "ए, मागं व्हा! खोल हाय! मेला एक इथं!" पोरं चेष्टा करायची, व्हिडिओ काढायची. काही परत फिरायची, काही पलीकडच्या काठाला जायची. मग अण्णा खुर्ची उचलून पलीकडे जायचे, तोवर अलीकडे दुसरी यायची. मी म्हटलं, अण्णा, या वयात हे काय मांडलंय? "अक्षर पास होत नाय," ते म्हणाले, "म्हणून मीच बसतो."

पावसात भिजून भिजून त्यांनी छातीचं दुखणं ओढवून घेतलं, गुडघेही गेले. शेवटी नांदगावहून पुतण्या न्यायला आला. सामान काही नव्हतंच. रिक्षात बसताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, रविवारी जमलं तर चक्कर टाकत जा. खुर्ची पाटीला साखळीनं बांधून ठेवलीय. चोरतील नायतर."

मी जाते. दुकान चालवणारी बाई रविवारी खदाणीवर बसते म्हणून घरचेही हसतात. परवा गेले तर खुर्चीवरच शर्ट टाकलेले, आणि पोरं पाण्यात. मी ओरडले. ती निथळत बाहेर आली, कुरकुरली, आणि त्यातला एक म्हणतो, "काकू, पाटीसमोर आमचा एक फोटो काढा ना." माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती गेली. शर्ट गेले तशी मी खुर्चीवर टेकले, तर पलीकडच्या काठावरून दुसरी पोरं उतरत होती. मधे ते हिरवंगार पाणी. माझा आवाज तिथवर पोचत नव्हता, तरी मी ओरडत राहिले. ती खेळून, दमून, आपल्या मनाने बाहेर निघाली तोवर ओरडत राहिले.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. दर रविवारी येतो. आवाज खोल गेलाय, मधेच खोकला. "ताई, पाय अडले का आज?"

"अडले, अण्णा," मी म्हटलं. "सगळ्यांचे अडले. कुणी आत गेलंच नाही."

पलीकडे खोकल्याची एक उबळ आली आणि गेली. मग अण्णा म्हणाले, "तुमचा घसा बसलाय ताई. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा."